माळाकडे उघडणारी खिडकी

मागच्या खिडकीची काच तडकली तेव्हा मी बागेतला पाइप घेऊन कुंपण भिजवत होते. त्या उन्हाळ्यात पाइपने बागेला पाणी घालायला बंदी होती, आणि ती मोडायला यापेक्षा चांगलं निमित्त मला मिळालं नसतं. कुंपणापलीकडे माळ जळत होता. अग्निशमन दलाची माणसं धुरात इकडून तिकडे पळत होती, कुणीतरी मला आत जा म्हणून ओरडत होतं, आणि मी पदर खोचून कुंपणाच्या फळ्यांवर पाणी मारत उभी होते. भीती वाटायला हवी होती. मला भलताच हुरूप आला होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर साउथहॅम्प्टनच्या बाहेर होतं, एकमजली, जुन्या लोखंडी चौकटींच्या खिडक्यांचं. मागच्या दाराने बाहेर पडलं की छोटी बाग, मग कुंपण, आणि मग सरळ माळच. त्यावर गुडघाभर हेदरची झुडपं आणि पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स. उन्हाळा कोरडा गेला की ही गॉर्स तेल घातल्यासारखी पेटते, हे घर घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ते घर घेतलंच असतं.

आग कुंपणापाशी अडली. आत येऊन पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली. वरची छोटी झडप मी उघडी टाकली होती. तिच्यातून एक ठिणगी आत येऊन विरविरीत पडद्याला भोक पाडून खाली पडली होती आणि जमिनीवरच्या लिनोलियममधून धूर काढत बसली होती. मी तिच्यावर ओला मॉप आपटला. एवढंच झालं होतं. पण हॉस्पिटलमधून नवरा घरी आला, त्याने ते भोक पाहिलं, त्यात बोट घातलं, आणि तो खुर्चीत बसला.

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. काय काय बिघडू शकतं याचा आधी विचार करणं हा त्याचा धंदाच, आणि तो धंदा तो घरीही आणत असे. तो म्हणाला, "पुढच्या स्प्रिंगमध्ये आई येतेय. कायमची. तिला मी आगीच्या तोंडाशी आणून ठेवणार नाही. पिनरला ताईच्या रस्त्यावर घर निघालंय, आपण ते बघू."

पिनरला त्याची मोठी बहीण राहायची. लंडनच्या त्या उपनगरात आपली माणसं पुष्कळ, वाणसामान हाताशी, सासूबाईंना बोलायला सोबत. सगळं खरं होतं. पण पिनरच्या घराच्या मागच्या खिडकीतून दुसऱ्या घराची मागची खिडकी दिसते. या देशात आल्यावर पहिली काही वर्षं मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये काढली, तिथं खिडकीसमोर लॉन्ड्रीची भिंत होती. नंतरच्या घरासमोर बस डेपो. मी साताऱ्याजवळच्या एका माळाच्या कडेला वाढलेली मुलगी. या घराच्या मागच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कुठंही न अडणारं आभाळ पाहून मला रडू फुटलं होतं, आणि घर दाखवायला आलेला इस्टेट एजंट बिचारा गोंधळून गेला होता.

"अरे, खिडक्या बदलू ना," मी म्हणाले. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणायची, एरवी अरे. "आग भिंतीतून आली का? काचेतून आणि फटीतून आली. तेवढं नीट करू."

बरीच भवति न भवति झाली. शेवटी तो भूल देण्याआधी पेशंटला सांगावं तसं शांतपणे म्हणाला, "दोन अटी. आईसाठी मागे खोली बांधायची आहे, ती खिडक्यांसकट कौन्सिलच्या इन्स्पेक्टरने पास केली पाहिजे. आणि आई त्या खोलीत राजीखुशीने राहिली पाहिजे. एक जरी हुकलं तरी पिनर."

मी हो म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवसापासून मला खिडक्यांशिवाय काही दिसेनासं झालं.

त्या काळी इंग्लंडात डबल ग्लेझिंग विकणाऱ्यांचा सुळसुळाट होता. जेवायच्या वेळेला फोन, दारावर टकटक. एरवी मी त्यांना उंबऱ्यावरूनच परतवायची. आता मीच बोलावलं. आलेल्या गृहस्थाने सोफ्यावर बसून आमच्या मुलीला चॉकलेट दिलं, माझ्या पोह्यांची तारीफ केली आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा कापलेला कोपरा टेबलावर ठेवला. कधी रंगवायला नको, कधी कुजणार नाही, जन्मभराची निश्चिंती.

"जळतं का?" मी विचारलं.

असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो म्हणाला की मॅडम, हे पेट घेत नाही. मी तो कोपरा ठेवून घेतला. मी केमिस्ट्रीची एमएस्सी, तेव्हा एका सेकंडरी स्कूलच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुवायच्या. आता माझा स्वतःचा प्रयोग होता. शाळा सुटल्यावर मी धूर ओढून घेणाऱ्या फ्यूम कपाटाचा पंखा लावला आणि तो कोपरा बर्नरवर धरला. गृहस्थ खोटं बोलला नव्हता. पेट नाही घेतला. पण जरा वेळाने चौकट भिजल्या पापडासारखी वाकली, आणि काच जिच्यात बसवायची तीच वाकली तर काच कुठं राहणार? मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

मग मला चटकच लागली. जो काचवाला भेटेल त्याच्याकडून मी तुकडे मागून आणू लागले. साधी काच, तापवून कडक केलेली टफन्ड काच, आत तारेची जाळी असलेली वायर्ड काच. सुताराकडून मऊ लाकडाचे आणि कठीण लाकडाचे ठोकळे. शनिवारी बागेत बार्बेक्यू पेटवायचा, चिमट्याने एकेक काच धरायची. साधी काच तर लगेच फाटकन तडकायची. वायर्ड काच तडकायची, पण तारेमुळे जागची हलायची नाही. टफन्ड काच कितीतरी वेळ ढिम्म. मऊ लाकूड चटकन पेटायचं, कठीण लाकूड वरून कोळसा व्हायचं आणि आत शाबूत राहायचं. मुलगी चष्मा लावून बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "मम्मी, हा खिडकी पण जाळ ना!" नवरा आतून बघायचा. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "घर आगीपासून वाचवायचं म्हणून तू दर शनिवारी बागेत आग लावतेस, हे तुझ्या लक्षात येतंय ना?"

माझ्या लक्षात येत होतं. पण मला मजा येत होती त्याला काय करू? लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा काहीतरी शोधून काढायला मिळालं होतं.

जुन्या खिडक्यांचा निकाल तर लागला. कठीण लाकडाच्या चौकटी, टफन्ड काचा, वर उघडी राहणारी झडप नाही. आता सासूबाईंची खोली. ती स्वयंपाकघराच्या मागे निघायची होती. एका बाजूला शेजाऱ्यांच्या गॅरेजची भिंत, दुसऱ्या बाजूला आमचं स्वयंपाकघर, तिसऱ्या बाजूला बाथरूम. म्हणजे खिडकी पडली तर माळाच्या बाजूलाच, आणि ती बाजू पूर्वेची. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सासूबाई कल्याणच्या घरी रोज सकाळी खिडकीतून सूर्याला पाणी द्यायच्या. त्यांना इथं अख्खा सूर्य मिळणार होता.

कौन्सिलचा बिल्डिंग इन्स्पेक्टर उंच, हळू बोलणारा माणूस होता. त्याने कुंपणापासून टेप धरला आणि मान हलवली. भिंत हद्दीच्या एक मीटरच्या आत येते, तेव्हा तिच्यातली खिडकी उघडणारी चालणार नाही. पक्की बसवलेली हवी, वायर्ड काचेची. ठीक, मी म्हणाले. मग तो आत आला, स्वयंपाकघरातून खोलीची जागा पाहिली आणि पुन्हा मान हलवली. या बेडरूममधून बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागणार. स्वयंपाकघरात आग लागली तर आतलं माणूस अडकेल. तेव्हा खोलीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी, उघडणारी खिडकी हवीच.

"पण तुम्ही आत्ताच म्हणालात की उघडणारी नको," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

"आणि आता म्हणता उघडणारी हवी."

"हो," तो म्हणाला. "दोन्ही नियम आहेत."

मी अशी तडकले की विचारू नका. एक भिंत, एक खिडकी, ती एकाच वेळी उघडायलाही हवी आणि उघडायलाही नको! मी त्याला बर्नरवर वाकलेला कोपरा दाखवला, तडकलेल्या काचा दाखवल्या, माझं सगळं प्रदर्शन मांडलं. त्याने सगळं आस्थेने पाहिलं. शेवटी जाताना म्हणाला की भिंत आत घेतली, हद्दीपासून मीटरभराच्या बाहेर ठेवली, तर उघडणारी खिडकी चालेल. मी नाक मुरडलं. भिंत आत घेतली तर राहणार काय? ती खोली की कपाट? नवऱ्याने हे ऐकलं, आणि त्या रविवारी त्याने पिनरला फोन केला तो जरा जास्तच वेळ चालला.

हिवाळा असाच कुरकुरत गेला. जुन्या खिडक्या बदलल्या, खोलीचं घोडं अडलेलंच. डॅफोडिल्स फुलली आणि सासूबाई आल्या.

विमानतळावरून घरी आल्यावर त्यांनी बॅग उघडली. गोडा मसाला, कुळथाचं पीठ, मुलीसाठी परकर-पोलकं, आणि सगळ्यात खाली, नऊवारीत गुंडाळलेलं एक भेंडोळं. मला वाटलं बस्कर असेल. उलगडलं तर स्टीलची बारीक जाळी. डासांची.

"खोलीला लागेल म्हणून आणली," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणाला, मोकळ्या माळावर घर आहे."

कल्याणला खाडीकाठी त्यांचा जन्म गेला होता. कुणाच्याही घराची किंमत त्या डासांवरून करायच्या. अमक्याकडे फर्निचर चांगलं आहे, पण खिडक्यांना जाळी नाही, म्हणजे संपलं. मी हसत म्हणाले, "अहो आई, इथं डास नसतात."

"डास सगळीकडे असतात."

"इथं थंडी असते, आई. इंग्लंडात कुणी खिडकीला जाळी लावत नाही."

"म्हणून तर मी घेऊन आले. इथं मिळाली नसती."

मी मनात जी खिडकी पाहत होते ती स्वच्छ काचेची होती, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत नुसता माळ. तिच्यावर ही करडी जाळी म्हणजे सुंदर चेहऱ्याला बुरखा. मी ते भेंडोळं उचलून शेडमध्ये फुलांच्या कुंड्यांमागे ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा पाहायला मागितली. बिल्डरने खुंट्या ठोकून दोरीने खोलीचा आराखडा गवतावर आखून ठेवला होता, पहिला, मोठ्या खोलीचा. मी त्यांना दोन नियमांची रडकथा सांगितली. मोठी खोली हवी तर खिडकी बंद. उघडी खिडकी हवी तर भिंत इथं, आणि मी हाताने दाखवलं, म्हणजे खोली एवढीशी.

"चटई आण," त्या म्हणाल्या.

मी चटई आणली. त्यांनी ती दोरीच्या आत, मी दाखवलेल्या जागी अंथरली, आणि नऊवारीवर माझा जाड कोट, डोक्याला मफलर, पायात मोजे अशा थाटात त्या तिच्यावर उताण्या झोपल्या. हात लांब करून पाहिले, कूस बदलून पाहिली. "इथं पाण्याचा तांब्या," उशाकडे हात ठेवून म्हणाल्या. "इथं देवांचा पाट. इथं खुर्ची. आणखी काय लागतं मला?" तेवढ्यात शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या आणि किंचाळल्या. त्यांना वाटलं म्हातारी कोसळली. ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणून ओरडायला लागल्या. सासूबाईंनी झोपल्या झोपल्याच त्यांना हात हलवून नमस्कार केला. मुलगी "आजी, प्लीज उठ, सगळे बघतात," म्हणून तोंड लपवत होती आणि मी गवतावर बसून पोट धरून हसत होते.

"दोरी आत घ्या," त्या उठून म्हणाल्या. "खोली लहान करा. खिडकी मोठी करा. आणि ती पुरी उघडली पाहिजे."

मी तिथंच त्यांच्या पायाला हात लावला. कशाला ते त्यांना कळलं नाही.

खिडकी बसली तो दिवस मला आमच्या लग्नाच्या दिवसापेक्षा नीट आठवतो. कठीण लाकडाची गडद चौकट, दोन मोठी तावदानं, ढकलली की बाहेर उघडणारी, टफन्ड काच. भिंत आणि कुंपण यांच्या मधल्या पट्टीत मी एक रोप लावू दिलं नाही, नुसत्या फरशा घातल्या. इन्स्पेक्टर आला. त्याने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली, टेपने माप घेतलं, आणि म्हणाला, छान. मी त्याला चहाबरोबर बेसनाचे दोन लाडू खायला लावले. पहिली अट संपली!

त्याला वाटेला लावून मी परत आले, तर सासूबाई खिडकीसमोर उभ्या. "आता जाळी," त्या म्हणाल्या.

मग आमचं खरं भांडण झालं. मी म्हणाले, आई, एवढा जिवाचा आटापिटा करून मी ही खिडकी मिळवली, ती काय जाळीतून बघायला? त्या म्हणाल्या, जाळीतून हवा येते, दिसतंही. मी म्हणाले, इथं डास नाहीत, नाहीत, नाहीत. माझा आवाज चढला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "खोली माझी आहे की तुझी?" नवरा दारापर्यंत आला आणि वर्तमानपत्र घेऊन तसाच मागे फिरला.

दुसरी अट मला आठवत होती. राजीखुशीने. मी शेडमधून भेंडोळं काढलं आणि सुताराकडे नेलं. तावदानं बाहेर उघडत होती, म्हणून जाळी आतल्या बाजूला बसवली, लाकडी चौकटीत, बिजागऱ्यांवर, म्हणजे सकाळी सूर्याला पाणी देताना ती उघडता यावी. सुताराला हे काय प्रकरण आहे ते समजावताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, इंग्लंडात डास? मी म्हणाले, नका विचारू.

आणि मे महिन्यात माळाच्या खोलगट भागातल्या दलदलीतून चिलटांचे थवे उठले. संध्याकाळी आम्ही सगळे हात-मान खाजवत होतो, सासूबाई त्यांच्या खोलीत खिडकी सताड उघडी टाकून निवांत.

"हे काय आहेत मग?" त्यांनी विचारलं.

"मिज म्हणतात. डास नव्हेत ते."

"चावतात ना?" त्या म्हणाल्या आणि जपाची माळ ओढू लागल्या.

मला राग आला आणि हसूही आलं. तरी त्या राजीखुशीने राहतायत की नाही, हे मला कळत नव्हतं. त्या तक्रार करायच्या नाहीत आणि कौतुकही करायच्या नाहीत. रविवारी नणंदेचा पिनरहून फोन आला की त्या दार लोटून बराच वेळ बोलायच्या. नवरा रोज विचारायचा, आई, बरं वाटतंय ना, आणि त्या म्हणायच्या, बरं आहे. त्या "बरं आहे" वर माझं घर टांगलेलं होतं. एकदा कपडे वाळत घालताना मीच न राहवून विचारलं, "आई, तुम्हाला पिनरला जास्त आवडलं असतं का?" त्या चिमटा तोंडातून काढून म्हणाल्या, "मला कुणी विचारलं कुठं?" आणि पुढचा टॉवेल उचलला. मी रात्रंदिवस त्या उत्तराचा अर्थ लावत बसले.

तो उन्हाळाही कोरडाच गेला. ऑगस्टमधल्या एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, मुलगी मैत्रिणीकडे गेली होती, नवरा हॉस्पिटलमध्ये, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या. मी पुढच्या खोलीत इस्त्री करत होते. धुराचा वास आला आणि कळायच्या आत आभाळ पिवळं झालं. वारा आमच्या बाजूचा होता.

मी धावत मागे गेले. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि जागीच थबकले. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या. खिडकीची दोन्ही तावदानं सताड उघडी, जाळी लावलेली. आणि त्या जाळीवर ठिणग्या येऊन आपटत होत्या. टिक, टिक, टिक, ताशा वाजवावा तशा. लाल होऊन यायच्या, जाळीला चिकटायच्या, काळ्या व्हायच्या आणि गळून पडायच्या. पलंगावरची चादर पांढरीशुभ्र. देवांच्या पाटावर एक काळा कण नाही.

"बघ तरी," सासूबाई म्हणाल्या. भीतीने नव्हे, नवल वाटून.

मागच्या वर्षी पडद्यातून आत आलेली ती एकच ठिणगी मला आठवली. आता त्या शेकड्यांनी येत होत्या आणि एकही आत येत नव्हती. मी इतके तुकडे जाळले, इतक्या काचा तापवल्या, आणि उघड्या खिडकीचं काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! मी ओरडले, "आई, जाळी!" एवढंच. मग भानावर आले. जाळीची चौकट ओढली, हात बाहेर घालून तावदानं खेचली, खिट्ट्या लावल्या, जाळी पुन्हा बसवली. मनगटावर दोन ठिणग्या पडल्या, त्याचे डाग अजून आहेत. सासूबाईंनी देव पदरात घेतले, मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. रस्त्यापलीकडे शेजारच्या बाई, त्या दिवशी किंचाळलेल्या, आपली गाडी उघडून उभ्या होत्या. आम्ही तिघी तिच्यात बसून बघत राहिलो. ज्वाळा छपराच्या वर दिसत होत्या. मी सासूबाईंचा हात सोडला नाही आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही.

अग्निशमनवाल्यांनी संध्याकाळी आम्हाला आत जाऊ दिलं. कुंपण गेलं होतं, नुसते काळे खांब उरले होते. फरशांवर राखेचा थर. भिंत धुराने काळवंडलेली. खिडकी मात्र जशीच्या तशी. चौकटीचा रंग फोड येऊन सुटला होता, पण काचेवर रेघ नाही. मी काचेला तळहात लावला, ती अजून कोमट होती. मी उड्या मारायची तेवढी बाकी होते. सासूबाई आत गेल्या, जाळीची चौकट उघडून त्यांनी मांडीवर घेतली आणि जुन्या टूथब्रशने तिच्यातली राख काढायला बसल्या.

नवऱ्याची गाडी आली ती अर्धी फुटपाथवर. त्याला हॉस्पिटलमध्ये कुणीतरी बातमी सांगितली होती. तो ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कपड्यांतच आला होता. त्याने आधी आईला पाहिलं, मग मला, मग माझं मनगट हातात घेतलं. मग खिडकीतून त्याला कुंपण नसलेली बाग आणि धुमसणारा काळा माळ दिसला.

"बस्स," तो म्हणाला. "मी ताईला फोन करतो. उद्याच पिनरला निघायचं."

काच टिकली होती, चौकट टिकली होती, इन्स्पेक्टर पास म्हणाला होता, पण त्या काळ्या माळाकडे पाहून, धावत आलेल्या त्या माणसाला मी काय सांगणार होते? त्याची भीती खरी होती. मला त्याची दया आली. मी मनातल्या मनात घर सोडलंसुद्धा.

सासूबाईंनी टूथब्रश थांबवला नाही.

"तुझ्या बहिणीच्या खिडक्यांना जाळी नाही," त्या म्हणाल्या.

"आई, आज तू—"

"मला कुणी विचारलं नाही अजून. आता मीच सांगते. तुला जायचं असेल तर जा. ये-जा करत जा, कधी आलास तर जेवायला आहेच." त्यांनी जाळी उजेडाकडे धरून तिच्यातून पाहिलं. "आम्ही दोघी इथंच राहणार."

आम्ही दोघी. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. त्या मला सूनबाई म्हणायच्या, मुलीची आई म्हणायच्या, बाहेरच्यांशी बोलताना "ती" म्हणायच्या. तो शब्द त्यांनी असा सहज, राख झाडता झाडता वापरला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. नवरा मागून आला. तीन कप काढून त्याने चहा ठेवला. पिनरला फोन केला नाही.

सकाळी मी जागी झाले ती जाळीच्या बिजागरीच्या आवाजाने. सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. जाळी उघडलेली, तावदानं उघडलेली, माळ क्षितिजापर्यंत काळा आणि त्याच्या कडेला सूर्य नुकताच वर आलेला. मधे आता कुंपणही नव्हतं. त्यांनी तांब्या पुढे धरला, पाणी सोडलं, आणि फरशीवरची राख वाहत बाजूला झाली. मग मागे न वळताच त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.